आईवरचा आळ

अंबिकेने भयाने डोळे मिटले म्हणून धृतराष्ट्र जन्मांध झाला, आणि अंबालिका भीतीने पांढरीफटक पडली म्हणून पंडू पांडुरवर्ण निपजला, ही महाभारतातील कथा आमच्या वाचकांपैकी कोणी ऐकली नसेल असे संभवत नाही. श्रावणातल्या कीर्तनांतून ती आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. बुवा आख्यान पुढे नेतात, विदुराच्या जन्मापाशी येतात, श्रोते माना डोलावतात. आणि मुलाला अंधत्व आले ते आईच्या डोळ्यांमुळे, हा निर्णय कोणी न उच्चारताच सभामंडपात बसलेल्या प्रत्येकाच्या मनात कायम होऊन जातो. व्यासांच्या उग्र रूपाचा प्रश्न कोणी काढीत नाही. सत्यवतीच्या आज्ञेचाही नाही.

कथेशी आमचे भांडण नाही. महाकाव्याचा हेतू निराळा असतो आणि त्याला वैद्यकाचा ग्रंथ समजून वाचणे हा वाचकाचा दोष. परंतु त्याच सभामंडपात मागच्या खांबाआड एखादी बाई आपल्या मुलाचा हात घट्ट धरून बसलेली असते. मूल मध्येच मोठ्याने ओरडते, हात फडफडवते, घंटेच्या नादाने कानांवर तळवे दाबून धरते. तिला हे आख्यान कसे ऐकू येत असेल, हा विचार आम्हांस फार उशिरा सुचला, हे कबूल केले पाहिजे. आरतीच्या वेळी लोक मागे वळतात ते क्षणभर मुलाकडे पाहतात आणि मग बराच वेळ आईकडे पाहतात. ‘आवयचें पातक’ असे कोणी हलकेच म्हणते. कोणी पितृदोष काढते. कोणी देवाला कौल लावण्याचे सुचविते. बापाकडे मात्र कोणाची दृष्टी जात नाही. तो बहुधा बाहेर, चपलांपाशी उभा असतो.

हा आळ केवळ आमच्याच समाजात, केवळ अज्ञानापोटी घेतला जातो, अशी समजूत करून घेणे सोयीचे आहे. इतिहास तसे सांगत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास, अमेरिकेसारख्या प्रगत देशात, मोठमोठ्या विद्यापीठांतील विद्वानांनी हाच आळ शास्त्राच्या भाषेत घेतला, आणि तो वीस-पंचवीस वर्षे टिकला. आज विशेष गरजा असलेल्या मुलांच्या आईबापांना धीर देऊ पाहणारे जे मानसोपचारशास्त्र आहे, ते त्या काळी फिर्यादीच्या बाजूस उभे होते. तेथून ते आईबापांच्या बाजूस कसे आले, हा इतिहास आमच्याकडे फारसा कोणी सांगितलेला नाही.

या इतिहासातील प्रमुख पुरुष म्हणजे लिओ कॅनर. १८९४ साली तत्कालीन ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातील गॅलिशिया प्रांतात एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बर्लिनमध्ये वैद्यकी शिकून १९२४ साली ते अमेरिकेत गेले, आणि १९३० साली बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्यांनी मुलांच्या मनोविकारांसाठी स्वतंत्र चिकित्सालय उभारले. १९४१ साली त्यांनी एक छोटेसे पुस्तक लिहिले होते, आणि त्याचा विषय होता मातांची कैफियत! अतिउत्साही मानसशास्त्रज्ञांच्या उपदेशांमुळे गांगरून गेलेल्या आयांची बाजू त्यात त्यांनी घेतली होती. पुढे जे घडले त्याच्या पार्श्वभूमीवर या पुस्तकाची आठवण ठेवावी अशी आमची वाचकांस विनंती आहे.

१९३८ साली मिसिसिपी राज्यातील एका वकिलाने आपल्या पाच वर्षांच्या मुलाविषयी कॅनर यांना पत्र पाठविले. पत्र टंकलिखित होते आणि त्याची पाने ३३ होती. मूल केव्हा काय बोलले, कशाला घाबरले, कोणत्या वस्तू फिरवीत बसले, कोणाच्या हाकेस ओ देईनासे झाले, हे सारे त्या पित्याने तपशीलवार नोंदविले होते. पुढे अशी आणखी मुले कॅनर यांच्याकडे आली, आणि १९४३ साली त्यांनी ११ मुलांचा, म्हणजे ८ मुलगे व ३ मुली यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. आज ज्या अवस्थेला आपण स्वमग्नता म्हणतो तिचे वर्णन त्या निबंधात आहे. निबंधाच्या अखेरीस ही अवस्था जन्मजात असावी, असेच कॅनर यांनी म्हटले होते. तथापि त्याच निबंधात या मुलांच्या आईबापांत मनाने उबदार माणसे फार थोडी दिसली, असेही एक निरीक्षण त्यांनी जाता जाता नोंदविले; आणि आईबापांनी ठेवलेल्या बारीकसारीक टिपणांवरून त्यांच्या स्वभावातील हट्टी काटेकोरपणा दिसतो, असा निष्कर्ष काढला. म्हणजे ज्या टिपणांच्या आधारे शोध लागला, तीच टिपणे आईबापांविरुद्ध पुरावा ठरली. बेफिकीर पिता पत्र लिहीत नाही आणि काळजी वाहणारा लिहितो, तर तो विक्षिप्त ठरतो. यातून बापाने सुटावे कसे, हे आम्हांस कळत नाही.

जाता जाता टाकलेली ठिणगी पुढे पेटली. १९४८ साली ‘टाइम’ या साप्ताहिकाने गोठलेल्या मुलांविषयी लेख छापला. १९४९ साली कॅनर यांनी स्वतःच अशी उपमा वापरली की, ही मुले जणू कधीही न वितळणाऱ्या शीतकपाटात नीटनेटकी ठेवलेली होती. उपमा चटकदार होती आणि चटकदार उपमा शास्त्राहून जलद धावते. ‘शीतकपाटासारखी आई’ हा शब्दप्रयोग वृत्तपत्रांतून, रुग्णालयांतून आणि शेजाऱ्यांच्या तोंडून फिरू लागला. मुलाच्या मौनाचे कारण आईच्या मायेचा अभाव, हे सूत्र त्या काळच्या फ्रॉइडपंथी विचाराला सहज मानवले. शिवाय एक साधी गोष्ट कोणी ध्यानी घेतली नाही. त्या काळी एवढा प्रवास आणि एवढा खर्च करून बाल्टिमोरच्या तज्ज्ञापर्यंत पोहोचणारी कुटुंबे बव्हंशी सुशिक्षित, व्यवसायी आणि मितभाषी होती. वर्षानुवर्षे झोप न मिळालेली, दहा वैद्यांचे उंबरे झिजविलेली आई तज्ज्ञासमोर बसून हसतमुखाने बोलेल, ही अपेक्षाही चमत्कारिकच.

कॅनर यांनी ठिणगी टाकली असेल, पण तिचा वणवा केला तो ब्रूनो बेटेलहाइम यांनी. हे १९०३ साली व्हिएन्नात जन्मले. नाझींनी त्यांना डाखाउ आणि बूखेनवाल्ड येथील छळछावण्यांत डांबले होते. १९३९ साली सुटका झाल्यावर ते अमेरिकेत आले, आणि १९४४ पासून १९७३ पर्यंत शिकागो विद्यापीठाच्या ऑर्थोजेनिक स्कूल या निवासी शाळेचे ते संचालक होते. १९६७ साली त्यांचे ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ हे पुस्तक निघाले आणि गाजले. छावणीतील कैदी जसा आशा सोडून स्वतःत मिटून जातो, तसेच हे मूल मिटून जाते, अशी त्यांची मांडणी होती. या उपमेत पहारेकऱ्याची जागा कोणाकडे जाते, हे सांगावयास नको. उपचारही त्या निदानास साजेसाच होता: मुलाला आईबापांपासून दूर ठेवणे. त्या काळी इतर अनेक ठिकाणी आईलाच मनोविश्लेषणासाठी पाठवीत, आणि तेथे तिने आपल्याला हे मूल मनातून नकोसे होते अशी कबुली द्यावी, अशी अपेक्षा असे. ज्याला आपण आज पालकांसाठी मानसोपचार म्हणतो त्याचे पहिले रूप हे असे होते. आमच्याकडे बाईने प्रायश्चित्त घ्यावे म्हणतात, तिकडे बाईने विश्लेषण करून घ्यावे म्हणत. भाषा वेगळी, पाट तोच.

बेटेलहाइम यांनी स्वतः अपार यातना सोसल्या होत्या याचा विसर आम्हांस पडलेला नाही. पण सोसलेल्या माणसाच्या हातूनही दुसऱ्यावर अन्याय होतो.

याच दशकांत, याच विषयाच्या शेजारच्या दालनात, निराळा पुरावा गोळा होत होता, याचे नवल वाटते. नॉर्वेतील एका मातेच्या दोन्ही मुलांची बुद्धी वाढेना. मुलांच्या लघवीला एक चमत्कारिक वास येतो, असे ती ज्याला त्याला सांगत होती आणि कोणी मनावर घेत नव्हते. शेवटी अस्ब्यर्न फलिंग या डॉक्टरांनी तपासणी केली, आणि १९३४ साली फेनिलकीटोनयुरिया या चयापचयाच्या आनुवंशिक विकाराचा शोध लागला. अन्नातील एक घटक शरीराला पचविता येत नाही आणि तो साठून मेंदूला इजा करतो, असे त्याचे स्वरूप. आईच्या नाकाने जे ओळखले ते वैद्यांच्या बुद्धीला उशिरा उमगले. ‘द गुड अर्थ’ या कादंबरीच्या लेखिका पर्ल बक यांची १९२० साली जन्मलेली मुलगी याच विकाराने ग्रासलेली होती, असे पुढे निष्पन्न झाले. आपल्या त्या मुलीविषयी बक यांनी १९५० साली उघडपणे लिहिले. नोबेल पारितोषिक मिळविलेल्या बाईने घरातील ही गोष्ट चारचौघांत आणावी, याने त्या काळी अनेक घरांच्या बंद खिडक्या उघडल्या. १९५९ साली फ्रान्समध्ये जेरोम लज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या पेशींत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे असतात. ग्रहण पाहिले, विळी वापरली, डोहाळे पुरविले नाहीत, इत्यादी कारणांची यादी एका गुणसूत्रापुढे निकालात निघाली. निदान निघावयास हवी होती.

आता ज्या दोन छोट्या निबंधांनी आईबापांकडे पाहण्याची दृष्टी बदलली त्यांच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. १९६१ साली सॉल्निट आणि स्टार्क या दोघांनी असे मांडले की, गर्भारपणात आई मनात एक मूल घडवीत असते. प्रत्यक्ष जन्मलेले मूल निराळे निघाले की त्या मनातल्या मुलाचा तिला शोक करावा लागतो, आणि हा शोक करीत असतानाच हातातल्या मुलाला दूधही पाजावे लागते. दुसऱ्याच वर्षी, १९६२ साली, सायमन ओलशान्स्की यांनी याहून पुढची गोष्ट सांगितली. त्यांनी या दुःखाला चिरशोक असे नाव दिले. हा शोक संपत नाही. मुलाच्या बरोबरीची मुले शाळेत जाऊ लागली की तो पुन्हा उसळतो, त्यांची लग्ने होऊ लागली की पुन्हा. हा मनोविकार नव्हे, ही एका माणसाची स्वाभाविक वेदना आहे, आणि ‘परिस्थिती स्वीकारा’ असा धोशा आईबापांमागे लावू नये, असा त्यांचा आग्रह होता. आईबापांना त्यांचे दुःख बोलू द्यावे, पुन्हा पुन्हा बोलू द्यावे, आणि बरोबरच मुलाला वाढविण्याची प्रत्यक्ष रीत शिकवावी, एवढीच त्यांची मागणी.

आम्हा धार्मिक लोकांना यातील मर्म चटकन कळावयास हवे. गेलेल्या माणसाच्या शोकासाठी आमच्या शास्त्राने किती व्यवस्था केली आहे! दहा दिवसांचे सुतक, तेरावा, मासिक श्राद्ध, वर्षश्राद्ध, पितृपक्ष. कोणत्या दिवशी रडावे आणि कोणत्या दिवशी गोड खाऊन पुन्हा कामाला लागावे, हेसुद्धा ठरलेले. गाव दारात येऊन बसतो. परंतु जिवंत मुलासाठी होणाऱ्या शोकाला आमच्याकडे एकही विधी नाही, एकही दिवस नाही. उलट त्या घरी जाणे-येणे लोक कमी करतात.

आळ पुसण्याचे काम प्रथम ज्याने अंगावर घेतले तो अर्थातच एक बाप होता. बर्नार्ड रिमलंड हे सान दिएगो येथे अमेरिकन नौदलाच्या सेवेत असलेले मानसशास्त्रज्ञ. १९५६ साली जन्मलेला त्यांचा मुलगा स्वमग्न होता, आणि आपली पत्नी शीतकपाट नाही हे पाहण्यासाठी त्यांना ग्रंथ उघडण्याची गरज नव्हती. तरीही त्यांनी उपलब्ध ते सारे वाङ्मय वाचून काढले. १९६४ साली त्यांचे पुस्तक निघाले. मातेच्या वर्तनाने ही अवस्था उद्भवते याला पुरावा नाही, तिचे मूळ शरीरात, मेंदूत आहे, असे त्यात साधार मांडलेले होते. आणि त्याला प्रस्तावना होती खुद्द कॅनर यांची. पुस्तक वाचून देशभरच्या आईबापांनी रिमलंड यांना पत्रे लिहिली. त्यांतून १९६५ साली स्वमग्न मुलांच्या पालकांची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. (रिमलंड यांनी उत्तरायुष्यात लसींवर ठपका ठेवणारी जी मते धरली ती शास्त्राच्या कसोटीस उतरली नाहीत, हेही येथे सांगून ठेवणे आमचे कर्तव्य आहे. एक आळ पुसणाऱ्याने दुसरा घ्यावा, ही खेदाची गोष्ट.)

१९६९ साली या संस्थेचा मेळावा वॉशिंग्टन येथे भरला. पंच्याहत्तर वर्षांचे कॅनर तेथे बोलावयास उभे राहिले, आणि समोर बसलेल्या आईबापांना आपण पालक म्हणून दोषमुक्त करीत आहोत, असे त्यांनी जाहीर केले. सभागृह उठून उभे राहिले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. आपण ही अवस्था प्रथमपासून जन्मजातच मानीत होतो, आपल्या लेखनाचा विपर्यास झाला, असेही ते म्हणाले. १९४३ च्या निबंधापुरते ते खरे होते. १९४९ च्या उपमेपुरते नव्हते. निवाडा देणारा हा पूर्वीचा साक्षीदारच होता. तरीही ज्या बायकांनी वीस वर्षे तो शब्द पदराखाली वागविला, त्यांना त्या दिवशी तो खाली ठेवता आला, हे काही थोडे झाले नाही. १९७७ साली लंडनच्या सुझन फोलस्टाइन आणि मायकेल रटर यांनी २१ जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकबीज जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न होती. द्विबीज जुळ्यांच्या १० जोड्यांत एकही अशी नव्हती. एकाच आईच्या मांडीवर वाढलेल्या मुलांतला हा फरक मायेच्या उणिवेने समजावून देता येत नाही. मोठ्या न्यायालयाचा निकाल लागला तो असा.

आमच्या देशात आळ घेणारे शास्त्र आले नाही, कारण ते येण्याआधी आळ हजरच होता. पण आईबापांनी वाट काढली ती येथेही स्वतःच. १९४४ साली मुंबईत वकील या पारशी दांपत्याने आपल्या मुलीसाठी काढलेली शाळा आजही जय वकील यांच्या नावाने चालते. पन्नाशीच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून रुग्णांबरोबर त्यांच्या नातलगांना राहावयास लावले, आणि घरच्या माणसांना दूर ठेवण्याऐवजी उपचारात घेतले. शिकागोची शाळा आईबापांना दाराबाहेर ठेवीत होती, त्याच काळातली ही गोष्ट आहे. तिचा अभिमान आम्ही पुरेसा बाळगला नाही. हैदराबादच्या आमच्या वाचकांना ठाऊक असेलच की, बौद्धिक अक्षमतेसंबंधीची राष्ट्रीय संस्था १९८४ साली सिकंदराबादेत स्थापन झाली. ‘आमच्यामागे या लेकराचे काय?’ हा जो प्रश्न अशा प्रत्येक घरात रात्री दिवा मालवल्यावर उठतो, त्याची दखल संसदेने १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात घेतली आणि सज्ञान झाल्यावरही अशा व्यक्तीला कायदेशीर पालक मिळण्याची सोय केली.

गोव्यात १९९६ साली ‘सांगात’ ही संस्था निघाली. कोंकणी वाचकांना या शब्दाचा अर्थ सांगावयास नको, आणि मराठीतही सांगाती आहेच. गोव्यातील स्वमग्न मुलांच्या कुटुंबांशी बोलून या संस्थेच्या संशोधकांनी केलेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. मूल वेगळे आहे हे कळल्यावर कुटुंब प्रथम समाजातून अंग काढून घेते आणि कालांतराने हळूहळू परत येते, असे त्यात दिसून आले. आईबाप हातपाय गाळून बसत नाहीत, नात्यागोत्यांच्या आधाराने वाटा शोधतात, हेही दिसले. आणखी एक गोष्ट दिसली, ती आमच्या वाचकांनी अवश्य वाचावी: वैद्यक आणि शिक्षण या क्षेत्रांप्रमाणे धर्मक्षेत्रातील मंडळींनाही या कुटुंबांच्या गरजांची जाण फार थोडी आहे, आणि त्याचा भार, पैशाचाही आणि मनाचाही, कुटुंबांवर पडतो. यात पुजारी आले, पुराणिक आले, महाजन आले. आम्हीही आलो.

त्यानंतर याच संशोधकांनी इंग्लंडमधील एक उपचारपद्धती आपल्याकडील घरांसाठी बेतून घेतली आणि ती गोवा व पाकिस्तानातील रावळपिंडी अशा दोन ठिकाणी एकाच वेळी कसोटीस लावली. दोन ते नऊ वर्षांची ६५ मुले त्या प्रयोगात होती. निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. पद्धत सांगण्यासारखी आहे. मोठे तज्ज्ञ नव्हेत, तर शिकवून तयार केलेली साधी कार्यकर्ती घरी येते. आई आणि मूल खेळत असतात त्याचे थोडा वेळ चित्रण करते. मग दोघी शेजारी बसून ते पाहतात. कोठे चुकले हे ती दाखवीत नाही. मुलाने कोठे नजर वर केली, आईने कोठे थांबून त्याच्या मागोमाग जाऊ दिले, तो क्षण ती दाखविते. अशा १२ बैठकी. त्यांतून आईबापांचा प्रतिसाद मुलाच्या कलाने जाऊ लागला आणि मूल आपणहून अधिक वेळा संवाद सुरू करू लागले. सगळ्याच मोजमापांत सुधारणा झाली असे नाही, आणि संशोधकांनी ते लपविलेही नाही. पण १९४९ सालच्या तज्ज्ञाने आईकडे पाहून जे टिपले, आणि ही कार्यकर्ती आईकडे पाहून जे टिपते, त्या दोहोंत केवढे अंतर आहे! जागतिक आरोग्य संघटनेनेही पालकांसाठी असाच एक अभ्यासक्रम सिद्ध केला असून त्यात ९ सामुदायिक बैठकी आणि ३ गृहभेटी असतात. मुलाच्या शिक्षणाबरोबर सांभाळणाऱ्याच्या स्वतःच्या मनःस्वास्थ्याचाही पाठ त्यात आहे.

महाभारताने आरंभ केला, तेव्हा त्यातील दुसरी एक कथाही सांगितली पाहिजे. अष्टावक्र आठ ठिकाणी वाकडा जन्मला तो आईमुळे नव्हे. गर्भातल्या मुलाने वेदपठणातील चूक दाखविली म्हणून कहोडाने, म्हणजे बापाने, त्याला शाप दिला. येथे दोष कोणाचा हे ग्रंथातच स्वच्छ लिहिलेले आहे. तरी बापांना उद्देशून कोणी हे आख्यान सांगितल्याचे आमच्या ऐकिवात नाही. कहोड पुढे जनकाच्या सभेत बंदीकडून वादात हरला आणि पाण्यात बुडविला गेला. सुजाता ते मूल घेऊन आपल्या पित्याच्या, उद्दालकाच्या, आश्रमात राहिली, आणि मुलाला बारा वर्षे काही कळू दिले नाही. कीर्तनकार ही बारा वर्षे एका वाक्यात ओलांडतात आणि थेट वादसभेत पोहोचतात.

गेल्या श्रावणात आमच्या देवळात आलेल्या कीर्तनकारांना फराळाच्या वेळी आम्ही विचारले, “बुवा, त्या बारा वर्षांत सुजातेने काय केले?” बुवांनी हातातला चहाचा पेला खाली ठेवला. “हे मला आजवर कोणी विचारले नव्हते,” ते म्हणाले. पुढच्या सोमवारी त्यांनी अष्टावक्राचेच आख्यान लावले. जनकाच्या सभेत पोहोचावयास त्यांना रात्रीचे अकरा वाजले, कारण पहिला तासभर ते सुजातेपाशीच थांबले होते. खांबाआडची ती बाई त्या रात्री आली होती की नाही, हे गर्दीत आम्हांस दिसले नाही.